संगणकशास्त्राचा संशोधक आणि उद्योगाचे दार



नारायणगुड्याच्या चौकात उभे राहिले की केशव मेमोरियल हे नाव दृष्टीस पडल्यावाचून राहत नाही. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ १९४० साली ही शिक्षणसंस्था सुरू झाली. केशवराव मराठवाड्यातून हैदराबादेस आले. त्यांनी वकिली केली व पुढे निजामाच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्तिपद भूषविले. हैदराबादची विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय यांच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. मातृभाषेतून शिकण्याची सोय तुटपुंजी असलेल्या संस्थानात मुलांना शिकता यावे, ही त्या पिढीची तळमळ होती. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. परंतु काचीगुडा, सुलतानबाजार, नारायणगुडा या भागांतील मराठी कुटुंबे येथेच राहिली.

त्याच केशव मेमोरियल संस्थेने २००७ साली नारायणगुड्यातच अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. आज सकाळी मेट्रोच्या स्थानकावर जी तरुण मुले दिसतात, त्यांपैकी पुष्कळांच्या पिशवीत संगणकशास्त्राची पुस्तके असतात. या मुलांपुढील नेहमीची वाट सर्वांच्या परिचयाची आहे. पदवी घ्यावी, अमीरपेठेतील एखाद्या शिकवणीवर्गात दोन-तीन महिने काढावेत आणि पश्चिमेकडील हायटेक सिटीत नोकरीला लागावे. या वाटेने असंख्य घरांची परिस्थिती सुधारली आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो थोड्या मुलांचा. या मुलांना दुसऱ्याने सांगितलेले काम बिनचूक करण्यात समाधान नसते. जे अद्याप कोणालाच सुटलेले नाही, ते सोडवावे असे त्यांना वाटते. त्यांना महाविद्यालयात अध्यापन करावयाचे नसते आणि परदेशी जाण्याची सक्तीही नको असते. उद्योगात राहून संशोधन करता येईल काय, आणि तसे काम मिळवावे कसे, असे ती विचारतात. घरची मंडळी मात्र विचारतात की, ही नोकरी आहे की शिक्षण?

दोन्ही प्रश्न योग्य आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यापूर्वी उद्योगातील संशोधन म्हणजे काय, हे एका मराठी संशोधकाच्या हकीकतीवरून पाहणे सोयीचे होईल.

नरेंद्र करमरकर यांचा जन्म ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातला. १९७८ साली त्यांनी मुंबईच्या आयआयटीतून पदवी घेतली. नंतर अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिक्षण घेऊन १९८३ साली बर्कले येथील विद्यापीठात रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट संपादन केली. त्यानंतर ते बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. ही प्रयोगशाळा विद्यापीठाची नव्हे. ती एटीअँडटी या टेलिफोन कंपनीची. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध तेथेच लागला आणि १९६९ साली युनिक्स ही संगणकप्रणाली तेथेच जन्माला आली. टेलिफोनचा धंदा करणाऱ्या कंपनीने गणितज्ञ व पदार्थवैज्ञानिक पदरी ठेवावेत, हे ऐकणाऱ्यास नवल वाटेल. पण देशभर पसरलेल्या तारांच्या जाळ्यातून लक्षावधी संभाषणे कोणत्या मार्गाने न्यावीत, हा प्रश्न मुळात गणिताचाच असतो.

करमरकरांनी जो प्रश्न हाती घेतला तो ग्रामीण श्रोत्यालाही समजण्याजोगा आहे. एका सहकारी साखर कारखान्याकडे दोनशे गावांचा ऊस यावयाचा आहे. ट्रक ठरावीक, तोडणीच्या टोळ्या ठरावीक, गाळपाची क्षमताही ठरावीक. कोणत्या गावाला किती ट्रक कोणत्या दिवशी पाठवावेत, म्हणजे ऊस वाळणार नाही आणि डिझेलचा खर्चही कमीत कमी होईल? अशा प्रश्नात शेकडो अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. यास रेषीय नियोजन असे म्हणतात. एसटीच्या गाड्या व चालक यांची आखणी, विमान कंपनीचे वेळापत्रक, लष्कराची रसद, हे सारे प्रश्न याच जातीचे.

या प्रश्नाचे सर्व शक्य पर्याय एकत्र धरले, तर असंख्य पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखी एक आकृती कल्पनेने तयार होते आणि सर्वांत चांगला पर्याय तिच्या एखाद्या कोपऱ्यावर सापडतो. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली शोधलेली सिम्प्लेक्स पद्धती या आकृतीच्या कडेकडेने एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जाते. व्यवहारात ती उत्तम चालते. परंतु कोपऱ्यांची संख्या अफाट झाली तर ती फार वेळ घेण्याचा संभव असतो. १९७९ साली सोव्हिएत गणितज्ञ खाचियान यांनी अशी पद्धती दिली, की जिचा वेळ बेसुमार वाढणार नाही याची सिद्धता मिळाली. मात्र प्रत्यक्ष वापरात ती संथ ठरली. करमरकरांनी कडेचा मार्गच सोडला. डोंगराला वळसे घालीत बसण्याऐवजी पोटातून बोगदा काढावा, त्याप्रमाणे त्यांची पद्धती आकृतीच्या अंतर्भागातून उत्तराकडे जाते. सिद्धतेच्या कसोटीवर ती उतरली आणि प्रत्यक्ष वापरातही वेगवान ठरण्याची शक्यता दिसली. १९८४ साली हा शोध प्रसिद्ध झाला, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने त्याची बातमी पहिल्या पानावर दिली. गणिताच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो.

यानंतरचा भाग नोकरी शोधणाऱ्याने विशेष लक्षपूर्वक ऐकावा. शोध करमरकरांचा, पण पगार कंपनीचा. संगणकावर ही पद्धती नेमकी कशी राबविली, याचा तपशील कंपनीने प्रथम उघड केला नाही. ज्या विद्वानांना तिचा वेग स्वतः पडताळून पाहावयाचा होता, त्यांनी यावर उघड नाराजी व्यक्त केली. १९८८ साली कंपनीस अमेरिकेत या पद्धतीचे पेटंट मिळाले. गणिताच्या पद्धतीवर मालकी सांगता येते काय, हा वाद त्यामुळे जगभर पेटला. त्याच वर्षी कंपनीने कॉर्बक्स नावाची यंत्रणा बाजारात आणली. तिची किंमत ८९ लाख डॉलर होती. अमेरिकेच्या हवाईदलाने ती घेतली. परंतु एवढ्या किमतीला फारसे ग्राहक मिळाले नाहीत. इकडे विद्यापीठांतील अभ्यासक स्वस्थ बसले नाहीत. याच्याशी नाते सांगणारी पद्धती सोव्हिएत गणितज्ञ डिकिन यांनी १९६७ सालीच मांडली होती, असे त्यांनी दाखवून दिले. करमरकरांच्या मार्गाच्या सुधारलेल्या आवृत्त्याही त्यांनी तयार केल्या. जुन्या सिम्प्लेक्स पद्धतीचे पुरस्कर्तेही या स्पर्धेमुळे कामाला लागले व तिचा वेग वाढला. आज नियोजनाच्या संगणकप्रणालींत दोन्ही मार्ग उपलब्ध असतात. करमरकरांना २००० साली पॅरिस कानेलाकिस पारितोषिक मिळाले, ते सिद्धांत प्रत्यक्ष उपयोगात आणल्याबद्दल.

भारतापुरते एक सांगावयास हवे. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) नुसार गणिती पद्धती, निव्वळ संगणक-कार्यक्रम आणि अल्गोरिदम म्हणजे रीतिविधी यांवर पेटंट देता येत नाही. तेव्हा करमरकरांचा शोध भारतातील कंपनीत लागला असता, तर केवळ पद्धती म्हणून तिला येथे पेटंट मिळाले नसते. मात्र कंपनी गुप्ततेचा करार करू शकते. आणि त्या कराराच्या कलमांवर तरुण संशोधक बहुधा न वाचता सही करतात.

करमरकर पुढे भारतात परतले व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागले. २००६-०७ च्या सुमारास टाटा समूहाच्या पाठबळावर पुण्यात महासंगणकाचे काम निघाले, त्यातही त्यांचा सहभाग होता. पुढे ते त्यातून बाहेर पडले. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा कंपनीचा ‘एका’ हा संगणक जगात चौथा व आशियात पहिला ठरला. २०१२ साली ती कंपनी टाटा कन्सल्टन्सीत विलीन झाली. उद्योगातील संशोधनशाळांचे आयुष्य हे असे असते. त्या मालकाच्या इच्छेवर उभ्या राहतात आणि त्याच इच्छेने मिटतात. खुद्द बेल प्रयोगशाळा एटीअँडटीकडून ल्युसेंटकडे, तेथून अल्काटेलकडे आणि २०१६ मध्ये नोकियाकडे गेली. मायक्रोसॉफ्टने सिलिकॉन व्हॅलीतील आपली नामांकित संशोधनशाळा सप्टेंबर २०१४ मध्ये बंद केली, तेव्हा जगप्रसिद्ध विद्वानांनाही नव्या जागा शोधाव्या लागल्या. मुलाला कायमची नोकरी मिळाली, असा समज पालकांनी या क्षेत्राबाबत करून घेऊ नये.

मग आपल्याकडे असे काम आहे तरी कोठे? हैदराबादला या बाबतीत जुनी परंपरा आहे. १९६७ साली अणुऊर्जा विभागाने येथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन, म्हणजे ईसीआयएल, स्थापन केली. ए. एस. राव हे तिचे शिल्पकार. ट्रॉम्बेस आखलेले टीडीसी मालिकेतील देशी संगणक तिने बांधले. निवडणुकीत गावोगावी ज्या मतदान यंत्राचे बटण दाबले जाते, ती यंत्रेही ईसीआयएल व बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स या दोनच कंपन्या तयार करतात. सिकंदराबादेत सीएमसी या सरकारी कंपनीचे संशोधन व विकास केंद्र होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर रेल्वेच्या आरक्षणाची संगणकप्रणाली याच कंपनीने उभी केली. खिडकीपुढे रात्रभर रांगेत बसून वहीतून तिकीट मिळविण्याचे दिवस ज्यांना आठवतात, त्यांना या कामाचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही. सीएमसी २००१ मध्ये टाटांकडे गेली व २०१५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीत विलीन झाली. रिझर्व्ह बँकेने १९९६ साली बँकिंग तंत्रज्ञानाच्या संशोधनासाठी स्थापन केलेली आयडीआरबीटी ही संस्थाही हैदराबादेतच आहे.

महाराष्ट्रात पुण्याचे नाव प्रथम घ्यावे लागते. फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने टाटांनी १९८१ साली तेथे संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र सुरू केले. संगणकाचे कार्यक्रम संगणकानेच कसे तयार करावेत, यावर तेथे काम झाले. त्याच केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी शुद्ध करण्याची युक्ती विकसित झाली आणि २००९ साली ती ‘स्वच्छ’ या नावाने बाजारात आली. अक्षरओळख नसलेल्या प्रौढांना संगणकाच्या साहाय्याने वाचायला शिकविण्याची कोहलींची योजनाही येथे आठवते. संगणकसंशोधकाचे काम केवळ काचेच्या इमारतीपुरते असते, ही समजूत यावरून दूर व्हावी.

परदेशी कंपन्यांबाबत एक बारकावा ध्यानात ठेवावा. मायक्रोसॉफ्टचे विकसन केंद्र हैदराबादेत १९९८ पासून आहे. त्याच कंपनीची संशोधनशाळा मात्र २००५ साली बंगळुरात उघडली. आयबीएमने १९९८ मध्ये दिल्लीत, गूगलने २०१९ मध्ये बंगळुरात संशोधनशाळा सुरू केली. विकसन व संशोधन ही दोन भिन्न कामे आहेत. विकसनात वस्तू ठरलेली असते व ती वेळेत तयार करावयाची असते. संशोधनात उत्तर मिळेल की नाही, हेच आरंभी ठाऊक नसते. जाहिरातीत ‘आर अँड डी’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते आणि रुजू झाल्यावर हाती येते ते दुसऱ्याच्या प्रणालीतील चुका शोधण्याचे काम. हे टाळावयाचे असेल तर उमेदवाराने आधी चौकशी करावी. त्या शाळेतील माणसांनी गेल्या दोन वर्षांत कोणते शोधनिबंध प्रसिद्ध केले, विषय कोण ठरवितो, निबंध छापण्यास परवानगी मिळते की नाही, आणि निरुपयोगी ठरलेल्या प्रयत्नाकडे वरिष्ठ कोणत्या नजरेने पाहतात, हे विचारावे. असे विचारणे उद्धटपणाचे नाही. चांगली संशोधनशाळा याच प्रश्नांवरून उमेदवाराची पारख करते.

आता वय व पैसा. बाविसाव्या वर्षी पदवी मिळते. डॉक्टरेटला त्यापुढे पाच-सहा वर्षे लागतात. पदव्युत्तर पदवी वेगळी केली तर आणखी दोन. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व नंतर ४२,००० रुपये मिळतात. एवढ्यात एका माणसाचे भागते. गावाकडच्या कर्जाचे हप्ते मात्र भागतीलच असे नाही. रक्कम वेळेवर न मिळाल्याचीही विद्यार्थी तक्रार करतात. त्याच काळात बरोबरीचा मित्र पगारावर घर बांधतो, बहिणीचे लग्न करतो. हा ताण खरा आहे. ज्या घरात दुसरा कमावता नाही, त्या घरातील मुलाने प्रथम दोन वर्षे नोकरी करून मग संशोधनाकडे वळणे शहाणपणाचे ठरते; काही कंपन्या संशोधन-साहाय्यक म्हणून पदवीधरांना एक-दोन वर्षे घेतात, त्यातून आवड खरी की हौस, हेही कळून येते. डॉक्टरेटच्या काळात उन्हाळ्यातील तीन महिने एखाद्या औद्योगिक संशोधनशाळेत उमेदवारी करणे हा तर या क्षेत्रातील राजमार्गच होय. पुष्कळांना पुढील नोकरी तेथूनच मिळते, कारण त्यांचे काम तेथील माणसांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.

निवडीची रीतही सरकारी मुलाखतीहून वेगळी असते. उमेदवार अर्जासोबत आपल्या संशोधनाचे निवेदन व निबंधांची यादी देतो. बोलावणे आले की, त्याला तासभर व्याख्यान द्यावे लागते. श्रोत्यांत त्याच्या विषयाचे तज्ज्ञ असतात, तसेच त्या विषयाचा गंध नसलेलेही असतात. दोघांनाही समजेल असे बोलावे लागते. नंतर दिवसभर एकेकाबरोबर चर्चा चालते. येथे इंग्रजीच्या झोकापेक्षा विचारांची स्पष्टता अधिक मोलाची असते, हे मराठी माध्यमातील मुलांनी ध्यानात ठेवावे. कळत नसेल तर ‘हे ठाऊक नाही, परंतु अशा रीतीने शोधता येईल’ असे सांगणारा उमेदवार पसंत पडतो.

अधिकारी वर्गासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची. संगणकशास्त्रात उत्तम निबंध बहुधा परिषदांत सादर होतात, नियतकालिकांत नव्हे. त्या परिषदांतील निवड अतिशय कडक असते. इतर शास्त्रांप्रमाणे केवळ नियतकालिकांतील निबंध मोजून एखाद्या संशोधकाचे मूल्यमापन केले, तर चांगला माणूस मागे राहतो व सुमार पुढे जातो. आपल्या देशाचा संशोधनावरील एकूण खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यातील खाजगी उद्योगांचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास. हा वाटा वाढावा यासाठी केंद्राने जुलै २०२५ मध्ये एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास व नवोन्मेष योजनेस मंजुरी दिली. पैसा आला तरी माणसे पारखण्याची नजर नसेल, तर जागा भरल्या जातील आणि प्रश्न मात्र तसेच राहतील.

शिक्षकांच्या हाती तर याहून जवळचे काम आहे. संशोधनाच्या जागेसाठी अर्ज करताना बहुधा तीन शिफारसपत्रे लागतात आणि निवड करणारे ती बारकाईने वाचतात. आपल्याकडे पत्राचा ठरलेला नमुना असतो: विद्यार्थी हुशार, सद्वर्तनी व कष्टाळू असून त्यास उज्ज्वल यश लाभो. या पत्राने मुलाचे काहीच भले होत नाही. त्याऐवजी लिहावे की, प्रकल्पात दिलेला आकडा चुकीचा असल्याचे या मुलीने स्वतः हुडकून काढले. तीन आठवडे तिला उत्तर सापडत नव्हते, तेव्हा तिने प्रश्नच वेगळ्या रीतीने मांडला. आणि वर्गातील कोणीही न वाचलेला निबंध वाचून तिने त्यातील एक पायरी सदोष असल्याचे दाखविले. असे पत्र लिहिण्यासाठी विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून नजरेत असावा लागतो, आणि पत्र मागावयास तो अर्जाच्या अखेरच्या दिवशी न येता महिनाभर आधी आला पाहिजे, हे त्याला कोणीतरी सांगितलेले असावे लागते.